छोट्या व्यवसायासाठी सोशल मीडिया : पहिल्या पोस्टच्या आधीची आणि नंतरची कामे

सोशल मीडियावर व्यवसायाची प्रसिद्धी करू पाहणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी पोस्ट टाकतात, दुसऱ्या दिवशी तिला किती लाइक मिळाले ते पाहतात आणि महिनाभरात एक तर कंटाळून थांबतात किंवा घाईने जाहिरातीवर पैसे लावतात. यांची मेहनत कमी पडते असे नाही, क्रम चुकतो. पोस्ट पाहून ज्याला वस्तू किंवा सेवा हवीशी वाटते तो लगेच काहीतरी विचारतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्याची व्यवस्था तयार नसेल तर पोस्ट जितकी चांगली तितकी निराश होऊन परत जाणारी माणसे अधिक.

म्हणून या लेखात टप्पे शेवटाकडून सुरुवातीकडे लावले आहेत. आधी उत्तराची सोय, मग खाते, मग ओळखपान, मग छायाचित्रे, त्यानंतर पोस्ट, आणि जाहिरात बरीच नंतर. व्यवसाय एकट्याने किंवा दोन-तीन माणसांच्या जोरावर चालतो असे गृहीत धरले आहे. पहिल्या पाच टप्प्यांसाठी दोन आठवडे राखून ठेवावेत आणि त्या काळात एकही पोस्ट प्रसिद्ध करू नये.

## टप्पा १ : उत्तर कोण देणार आणि काय देणार

एक कोरा कागद घेऊन गेल्या काही महिन्यांत ग्राहकांनी प्रत्यक्ष किंवा फोनवर विचारलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढावेत. कपडे शिवणाऱ्याच्या यादीत माप कसे द्यायचे, कापड कोणी आणायचे, किती दिवस लागतील, बिघडल्यास दुरुस्ती मोफत का, असे प्रश्न येतील. शिकवणी घेणाऱ्याच्या यादीत वेळ, गटातील विद्यार्थ्यांची संख्या आणि बुडलेल्या तासाचे काय, हे येईल. दहा-बारा प्रश्नांपलीकडे यादी सहसा जात नाही. प्रत्येक प्रश्नाचे दोन-तीन वाक्यांचे उत्तर लिहून ठेवावे आणि ते मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना जीभ अडखळली, तर वाक्य अजून कार्यालयीन आहे असे समजावे.

ही उत्तरे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या मोफत ॲपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून साठवता येतात. अशी ५० उत्तरे ठेवता येतात आणि तिरकी रेघ टाइप करून नेमलेला लघुशब्द लिहिला की पूर्ण मजकूर समोर येतो. याच ॲपमध्ये वस्तूंची यादी, म्हणजे कॅटलॉग, तयार करता येतो व त्यात ५०० पर्यंत नोंदी बसतात. पहिल्यांदा संपर्क साधणाऱ्याला, तसेच १४ दिवस संवाद न झालेल्या ग्राहकाने पुन्हा लिहिल्यास, आपोआप जाणारा स्वागतसंदेशही ठरवून ठेवता येतो. त्यात ‘आपले स्वागत आहे’ एवढेच लिहून जागा वाया घालवू नये. उत्तर कोणत्या वेळेत मिळेल आणि ग्राहकाने कोणती माहिती आधीच पाठवावी, हे लिहावे. एकच क्रमांक साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घेणे हाच सरळ मार्ग आहे. घरच्या क्रमांकावर धंदा चालवणाऱ्याला सुट्टी घेता येत नाही, हे वर्षभरात कळतेच.

किंमत सांगावी की नाही, यावर बरेच जण अडतात. माझे मत स्पष्ट आहे : सांगावी. प्रत्येक प्रतिक्रियेखाली ‘इनबॉक्स पाहा’ असे लिहिणारा व्यवसाय ग्राहकाला एक पायरी जास्त चढायला लावतो आणि स्वतःसाठी तेच उत्तर पन्नास वेळा देण्याचे काम निर्माण करतो. काम मोजमापावर अवलंबून असल्यामुळे ठाम आकडा देता येत नसेल, तर किमान किंमत आणि ती कशामुळे वाढते, एवढे तरी उघडपणे लिहावे.

तपासणी : व्यवसायाची माहिती नसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला ग्राहक बनून चौकशी करायला सांगावे. पहिल्या प्रश्नापासून ‘ठीक आहे, घेतो’ इथपर्यंत पोहोचायला किती संदेश लागले आणि तो कुठे गोंधळला, हे पाहावे. जिथे तो गोंधळला तिथे एक उत्तर कमी आहे.

## टप्पा २ : खाते व्यवसायाचे, चाव्या तुमच्याकडे

फेसबुकवर व्यवसायासाठी वैयक्तिक प्रोफाइल वापरणे ही आजही सर्रास दिसणारी चूक आहे. वैयक्तिक प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा असते, आणि व्यक्तीऐवजी व्यवसायाच्या नावाने ती चालवणे नियमांविरुद्ध असल्याने ती बंद होण्याचा धोका राहतो. व्यवसायासाठी ‘पेज’ काढावे. इन्स्टाग्रामवर खाते ‘प्रोफेशनल’ प्रकारात बदलावे. त्याला पैसे लागत नाहीत. हा बदल पहिल्या पोस्टपूर्वीच करण्याचे कारण असे की आकडेवारी बदलाच्या दिवसापासून पुढेच नोंदवली जाते, मागची मिळत नाही.

खाते उघडण्यासाठी फक्त व्यवसायाचाच असा स्वतंत्र ईमेल पत्ता घ्यावा. त्यानंतरची कामे याच क्रमाने करावीत : आधी ईमेलला आणि मग प्रत्येक खात्याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावावे, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा संकेतांक मागितला जाईल, त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे संकेतांक, कागदावर लिहून फोनपासून दूर ठेवावेत, आणि फेसबुक पेजवर पूर्ण अधिकार असलेली दुसरी विश्वासू व्यक्ती जोडावी. एकट्या माणसाचे वैयक्तिक खाते बंद पडले किंवा फोन हरवला, की पेज डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही, आणि ते परत मिळवण्याची प्रक्रिया लांब व अनिश्चित असते.

डिझाइन किंवा पोस्टचे काम बाहेरच्या व्यक्तीला दिले असेल तर तिला पासवर्ड देऊ नये. पेजच्या सेटिंगमधून मर्यादित अधिकार देता येतात आणि काम संपल्यावर काढूनही घेता येतात. खाते त्या व्यक्तीलाच उघडायला सांगणे तर सर्वांत महागात पडते. संबंध बिघडले की वर्षानुवर्षे जमवलेले अनुयायी तिच्याकडे राहतात.

सावधगिरी : ‘तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला असून ते २४ तासांत बंद होईल, येथे क्लिक करा’ अशा आशयाचे संदेश जवळजवळ प्रत्येक व्यवसायाला कधी ना कधी येतात. ते कंपनीच्या नावाने आणि चिन्हासह येतात, पण असतात पासवर्ड चोरण्यासाठी. संदेशातील दुव्यावर न जाता स्वतः ॲप उघडून खात्याची स्थिती पाहावी. इन्स्टाग्रामने खरोखर कोणते ईमेल पाठवले, याची यादीही सुरक्षेच्या सेटिंगमध्ये दिसते.

## टप्पा ३ : एकच मुख्य व्यासपीठ

हा टप्पा लहान आहे, तरीही लोक यातच आठवडे घालवतात. सध्याच्या दहा ग्राहकांना ‘तुम्ही रोज कोणते ॲप उघडता?’ एवढे विचारावे आणि ज्याचे नाव सर्वाधिक येईल ते मुख्य मानावे. तयार वस्तू पाहून ठरवायची असेल तर इन्स्टाग्राम, एखादी गोष्ट शिकून घ्यायला किंवा समजून घ्यायला लोक शोध घेत असतील तर यूट्यूब, आणि ग्राहक संस्था किंवा कार्यालये असतील तर लिंक्डइन, असा ढोबळ कल असतो. मात्र दहा ग्राहकांचे उत्तर त्याहून वेगळे आले तर ग्राहकांचे ऐकावे. इतर ठिकाणी नाव राखून ठेवण्यापुरते खाते उघडावे आणि तिथे मुख्य खात्याचा पत्ता द्यावा. चार ठिकाणी अर्धवट हजेरी लावली की चारही ठिकाणचे प्रश्न अनुत्तरित राहतात.

## टप्पा ४ : ओळखपान

पोस्ट आवडलेला माणूस पुढे प्रोफाइलवर येतो, आणि तिथे त्याला तीन गोष्टी शोधाव्या लागू नयेत : तुम्ही नेमके काय करता, कुठपर्यंत सेवा देता, आणि संपर्क कसा साधायचा. इन्स्टाग्रामवर ओळखीसाठी १५० अक्षरेच मिळतात. त्यात ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ यासारखे वाक्य बसवले की कामाची माहिती बाहेर राहते. ‘लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश, शहरभर घरी येऊन पाहणी, सोमवार बंद’ हे वाक्य रुक्ष आहे, पण त्याने तिन्हींपैकी दोन प्रश्न सुटतात आणि तिसरा संपर्काच्या बटणाने सुटतो. नावाच्या रकान्यात व्यवसायाच्या नावाबरोबर कामाचा प्रकारही लिहावा, कारण शोधताना लोक तुमचे नाव टाइप करत नाहीत, काम टाइप करतात.

नाव, फोन क्रमांक आणि वेळा सर्वत्र अक्षरशः सारख्या असाव्यात. ज्या व्यवसायाला प्रत्यक्ष जागा आहे किंवा जो ठरावीक परिसरात सेवा देतो, त्याने गूगल बिझनेस प्रोफाइलही, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, याच वेळी भरून पडताळणी पूर्ण करावी. ते सोशल मीडिया नव्हे हे खरे. तरी पोस्ट पाहिलेला माणूस खात्री करण्यासाठी गूगलवर शोधतोच, आणि तिथे जुना क्रमांक किंवा ‘कायमचे बंद’ अशी खूण दिसली तर सगळी मेहनत फुकट जाते.

तपासणी : अनोळखी माणसाच्या हातात फोन देऊन प्रोफाइल दाखवावे, फोन परत घ्यावा आणि मग वरचे तीन प्रश्न विचारावेत.

## टप्पा ५ : छायाचित्रे आणि व्हिडिओंचा साठा

रोज सकाळी ‘आज काय टाकायचे?’ असा प्रश्न पडणारा माणूस फार काळ टिकत नाही. म्हणून प्रसिद्धी सुरू करण्यापूर्वी निदान वीस छायाचित्रे आणि पाच-सहा लहान व्हिडिओ तयार असावेत. त्यासाठी वेगळा कॅमेरा लागत नाही, परंतु पुढील गोष्टी लागतात.

प्रथम फोनची भिंग पुसावी. हे हास्यास्पद वाटेल, पण खिशात राहिलेल्या फोनच्या भिंगावरील बोटांचे तेलकट ठसे हे धूसर छायाचित्रांचे सर्वांत सामान्य कारण आहे. त्यानंतर वस्तू खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी ठेवावी, छतावरचा दिवा बंद करावा आणि उजेड बाजूने येईल असे उभे राहावे. दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आला की रंग बदललेले दिसतात, आणि ज्या व्यवसायात रंगाला महत्त्व आहे तिथे पुढच्या तक्रारीचे मूळ इथेच असते. झूम न करता पुढे सरकावे. प्रत्येक वस्तूची किमान तीन छायाचित्रे घ्यावीत : पूर्ण वस्तू, जवळून दिसणारे काम, आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून हातात धरलेली किंवा वापरात असलेली वस्तू.

व्हिडिओ उभा, ९:१६ या प्रमाणात घ्यावा. १०८० गुणिले १९२० पिक्सेल हा आकार रील आणि स्टोरी दोन्हींना चालतो. मजकूर अगदी वर किंवा खाली लिहू नये, कारण तिथे खात्याचे नाव आणि बटणे येऊन तो झाकला जातो. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोलणे अक्षरांतही द्यावे आणि आपोआप उमटलेली अक्षरे स्वतः वाचून दुरुस्त करावीत. मराठी शब्दांची त्यात हमखास मोडतोड होते. गाण्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावे की व्यावसायिक खात्यांना लोकप्रिय गाणी वापरण्याची मुभा सहसा नसते. व्यावसायिक वापरासाठी खुले असलेले संगीतच घ्यावे, नाही तर व्हिडिओचा आवाज काढून टाकला जाऊ शकतो.

सावधगिरी : मूळ छायाचित्रे एका फोनवरून दुसऱ्यावर व्हॉट्सअ‍ॅपने साध्या पद्धतीने पाठवू नयेत, तिथे त्यांचा दर्जा कमी केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत किंवा ड्राइव्हवर ठेवावीत. ग्राहकाचा चेहरा, घर किंवा मूल दिसत असेल, तर आधी विचारावे आणि त्याचा होकार संदेशात लेखी घ्यावा. इतरांची छायाचित्रे उचलून आपले काम म्हणून दाखवणाऱ्यांविषयी काही सांगायलाच नको.

## टप्पा ६ : पोस्ट आणि तिचे वेळापत्रक

आता कुठे पहिली पोस्ट. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगावी. नवे डिझाइन, बदललेली वेळ आणि सवलत या तीन गोष्टी एकत्र आल्या की वाचणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही. पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण बाकीचा मजकूर ‘अधिक’ या शब्दाआड लपलेला असतो. तिथे ‘नमस्कार मित्रांनो’ लिहिण्याऐवजी गोष्टीलाच हात घालावा. ‘खुर्चीचा पाय हलत असेल तर खिळा मारू नका’ ही ओळ वाचून थांबणारा माणूस नेमका तोच असतो, ज्याची खुर्ची हलते आहे. शेवटी वाचणाऱ्याने पुढे काय करायचे ते एकाच वाक्यात सांगावे : संदेश पाठवा, फोन करा, किंवा यादी पाहा. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात दिलेला वेबपत्ता दाबून उघडत नाही, हे विसरून लोक तिथे लांबलचक दुवे चिकटवतात. दुवा प्रोफाइलमध्ये द्यावा किंवा स्टोरीतील लिंक स्टिकर वापरावा.

काय टाकावे, याचे उत्तर पहिल्या टप्प्यातील प्रश्नांच्या यादीतच असते; प्रत्येक प्रश्नाची एक पोस्ट होते. त्यात काम होताना दिसणारे व्हिडिओ आणि पूर्ण झालेल्या कामाची आधीची-नंतरची छायाचित्रे मिसळली, की दोन महिन्यांची सोय होते. रोज निरनिराळ्या दिवसांच्या शुभेच्छा देणारी चित्रे टाळावीत. त्यांवर लाइक येतात आणि चौकशी मात्र येत नाही. ‘आवडले तर लाइक करा’, ‘पाच मित्रांना टॅग करा’ अशा प्रतिसाद मागणाऱ्या पोस्टची पोच फेसबुक डिसेंबर २०१७ पासून कमी करत आले आहे, तेव्हा त्यांचा मोहही सोडावा. विकत मिळणारे अनुयायी तर घेऊच नयेत. ते कधीच प्रतिसाद देत नाहीत आणि त्यांच्या गर्दीमुळे खऱ्या ग्राहकांविषयीची आकडेवारी निरुपयोगी होते.

आठवड्याला किती पोस्ट, हा आकडा कामाच्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यात जमेल तेवढाच धरावा. बहुतेकांसाठी तो दोन किंवा तीन असतो. फेसबुक व इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या ‘मेटा बिझनेस सूट’ या मोफत साधनातून फेसबुक व इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येतात. मात्र पोस्ट ज्या वेळी प्रसिद्ध होईल त्या वेळी उत्तर द्यायला कोणीतरी मोकळे असले पाहिजे. रात्री अकराची वेळ ‘गर्दीची’ आहे म्हणून निवडणारे बहुतेक जण त्या वेळी झोपलेले असतात.

तपासणी : प्रसिद्ध करण्यापूर्वी किंमत, तारीख आणि फोन क्रमांक दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावेत. स्वतः लिहिलेली चूक स्वतःला दिसत नाही.

## टप्पा ७ : प्रतिक्रिया आणि तक्रारी

प्रश्न जिथे विचारला गेला तिथेच त्याचे उत्तर द्यावे, कारण तोच प्रश्न मनात असलेले इतर लोक ते वाचत असतात. तक्रार आली तर क्रम असा ठेवावा : त्याच जागी, त्याच दिवशी, वाद न घालता एक उत्तर, तपशील खासगी संदेशात, आणि प्रकरण मिटल्यावर पुन्हा त्याच जागी काय केले याची एक ओळ. तिसरी पायरी जवळजवळ सगळे विसरतात, त्यामुळे वाचणाऱ्यांना तक्रारच दिसत राहते. खरी तक्रार पुसून टाकू नये, कारण तिचे स्क्रीनशॉट निघतात आणि मग दोन तक्रारी होतात. शिवीगाळ किंवा फसवे दुवे असतील तेवढेच काढावेत. फेसबुकवर प्रतिक्रिया ‘लपवली’ तरी ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते.

व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या ग्राहकांना नवी माहिती पाठवायची असेल, तर ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, २५६ पर्यंत संपर्क घेता येतात, पण संदेश त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे. म्हणून काम पूर्ण करतानाच ग्राहकाला ‘क्रमांक जतन करून ठेवा, नवे काही आले तर कळवू का?’ असे विचारावे. कुठून तरी मिळवलेल्या क्रमांकांवर सरसकट संदेश पाठवले, की लोक तक्रार नोंदवतात आणि क्रमांकच बंद होतो. त्याबरोबर चालू ग्राहकांशी असलेला संपर्कही तुटतो.

## टप्पा ८ : जाहिरात

विनापैशाच्या निदान दहा-बारा पोस्ट झाल्याशिवाय जाहिरात देऊ नये. त्यांपैकी ज्या पोस्टमुळे सर्वाधिक चौकशा आल्या, लाइक नव्हेत, तीच जाहिरातीसाठी घ्यावी. पोस्ट पैसे देऊन अधिक लोकांना दाखवणारे, पोस्टखालील ‘बूस्ट’ बटण सोपे आहे, पण त्यात पर्याय कमी असतात. ॲड्स मॅनेजर या मेटाच्या जाहिरात-साधनात उद्दिष्ट नेमके निवडता येते, आणि उद्दिष्टाची निवड हीच जाहिरातीची खरी किल्ली आहे. ‘एंगेजमेंट’ निवडून केवळ पोस्टवरील प्रतिसाद मागितला, तर लाइक करण्याची सवय असलेल्या लोकांनाच ती दाखवली जाते. चौकशा हव्या असतील तर संदेश येण्यासाठीचाच पर्याय घ्यावा आणि त्याला पहिल्या टप्प्यातील व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जोडावा.

परिसर तेवढाच निवडावा जिथे तुम्ही खरोखर सेवा देता. दैनिक बजेट हे सरासरी असते. एखाद्या दिवशी त्याहून अधिक खर्च होऊ शकतो, मात्र आठवड्याचा खर्च त्याच्या सातपटीपलीकडे जात नाही. त्यामुळे खात्याला एकूण खर्चाची मर्यादा आणि जाहिरातीला शेवटची तारीख, या दोन्ही गोष्टी सुरू करण्यापूर्वीच भराव्यात. आयफोनवरील ॲपमधून बूस्ट केल्यास ॲपलचे ३० टक्के सेवाशुल्क वरून लागू शकते, म्हणून ते काम संगणकावरील ब्राउझरमधून करावे.

जाहिरात सुरू झाल्यावर सर्वांत अवघड काम म्हणजे तिला हात न लावणे. सुरुवातीला यंत्रणा कोणाला दाखवायचे हे शिकत असते आणि त्यासाठी तिला साधारण आठवड्यात ५० प्रतिसाद लागतात. रोज बजेट, मजकूर किंवा परिसर बदलला की हे शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लहान बजेटमध्ये ५० चा आकडा कधीकधी गाठलाच जात नाही. अशा वेळी एकाच बजेटच्या चार जाहिराती करण्यापेक्षा एकच चालवावी.

सावधगिरी : जाहिरातीच्या काळात बाहेरगावी जाऊ नये किंवा मोठे काम अंगावर घेऊ नये. जाहिरातीखालील प्रतिक्रियाही वाचाव्या लागतात, आणि त्यांची सूचना नेहमी येतेच असे नाही.

## टप्पा ९ : मोजणी

यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक चौकशीची तारीख, ती कुठून आली आणि तिचे काम झाले की नाही, असे तीन रकाने पुरेत. ‘आमच्याविषयी कुठे पाहिलेत?’ हा प्रश्न पहिल्याच संभाषणात विचारावा. नंतर ग्राहकाला आठवत नाही. ॲपमधील आकड्यांपैकी रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांनी पाहिले आणि व्ह्यूज म्हणजे एकूण किती वेळा पाहिले गेले. दोन्हींची सरमिसळ करू नये, आणि वहीतील तिसऱ्या रकान्यापेक्षा त्यांना जास्त वजनही देऊ नये. स्वतःचे संकेतस्थळ असेल तर प्रत्येक ठिकाणी दिलेल्या दुव्याला यूटीएम खुणा, म्हणजे माणूस कुठून आला हे सांगणारे दुव्याच्या शेवटचे शब्द, जोडाव्यात. त्या खुणांमध्ये इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे गूगल ॲनालिटिक्स या संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या साधनात वेगवेगळी मोजली जातात, त्यामुळे सुरुवातीपासून सर्व लहान अक्षरांतच लिहावे.

दर चार आठवड्यांनी वही उघडून दोनच निर्णय घ्यावेत : कोणत्या प्रकारच्या पोस्ट थांबवायच्या आणि कोणता नवा प्रश्न ग्राहक विचारू लागले आहेत. तो नवा प्रश्न पहिल्या टप्प्यातील यादीत जोडून त्याचे क्विक रिप्लाय तयार करावे आणि त्याच आठवड्यात त्यावर पोस्ट करावी. त्याच बैठकीत पेजवरील अधिकारांची यादीही उघडून पाहावी. काम सोडून गेलेल्या व्यक्तीचे नाव तिथे अजून असेल, तर ते तेव्हाच काढावे.